उजव्या भुवईतली रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मला शिल्पकार मुलीने दिली. म्हणाली, "काकू, त्यांच्याबद्दल जे जे आठवेल ते लिहून ठेवा, मला उपयोग होईल." आता मी जन्मभर गिऱ्हाइकांच्या मापांपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा म्हणून बसले. तिला दाखवणार मात्र नाही. माझं मी लिहीन, तिला हवं तेवढं तोंडाने सांगेन.

झालं असं, की बागेच्या समितीचे अध्यक्ष आज स्वतः तिला घेऊन दुकानात आले. नदीकाठच्या पडीक जागेवर बाग होणार हे दोन वर्षं ऐकतोय. ब्लाऊजच्या ढिगात एक खुर्ची मोकळी करून दिली, तर बसायच्या आधीच सुरू झाले. "वहिनी, आपल्या गावाला चेहराच नाही. हायवेवरून इतक्या बसा जातात, एक थांबत नाही. थांबणार कशाला? आपण कोण, हे आपल्यालाच सांगता येत नाही. बागेच्या मधोमध साहेबांचा पुतळा उभा करायचा. लोक येतील, विचारतील हा कोण, आणि आपण सांगू."

साहेब! जिवंत असताना ह्यांना कुणी साधं अहोजाहो केलं नाही. धरणाचे दरवाजे उघडायचे आणि बंद करायचे, एवढंच काम. चोवीस वर्षांपूर्वी त्या दुपारी पाणी चढलं आणि मधला दरवाजा अडकला. सगळे पळाले, हे कंबरभर पाण्यात उतरले आणि हाताने चाक फिरवून दरवाजा उघडला. नाहीतर बांध फुटून खालचं सगळं गाव गेलं असतं. गाव राहिलं. हे वाहून गेले. तिसऱ्या दिवशी सापडले तेव्हा मला नुसता शर्ट दाखवला. कॉलरची शिलाई माझीच होती, मी हो म्हटलं. तोंड बघू नका म्हणाले, मी बघितलं नाही.

धरणाच्या पायथ्याची आमची क्वार्टर त्याच पाण्यात गेली, आल्बम, कागदपत्रं सगळ्यासकट. उरलं ते खिशातलं ओळखपत्र. त्यावरचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा, पाण्याने फुगलेला. म्हणजे पुतळ्याचा चेहरा आता माझ्या आठवणीवर आहे. मुलीने हे सरळच सांगितलं. "काकू, तुमच्याशिवाय मला दुसरं साधन नाही."

गळ्यातला टेप मी बोटाला गुंडाळत राहिले. पण मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी एकदा घेतलेलं माप विसरत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या लाकडाच्या वखारीत तिचं काम चालतं. आत लोखंडी सळयांचा सांगाडा, त्यावर माती, मातीवर ओली फडकी. माणूस तापाने पडलाय आणि पट्ट्या ठेवल्यात असं वाटलं. मानेच्या वर नुसता गोळा.

अंगाचं काम मी तासाभरात उरकलं. खांदा साडेसतरा, बाही चोवीस, गळा पंधरा, उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच खाली कारण चाक त्या हाताने फिरवायचे. टेप घेऊनच गेले होते. ती लिहून घेता घेता थांबली. "काकू, चोवीस वर्षांनी तुम्हाला पाव इंच आठवतंय?" म्हटलं, बाई गं, त्या पाव इंचापायी मी किती शर्ट उसवलेत तुला काय माहीत.

घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, चला एकदा बघायला. तुमचाही मुलगाच आहे."

"मला नको," त्या म्हणाल्या. "एकदा मातीत घातलाय त्याला. परत मातीत बघायचा नाही मला. उभा राहील तेव्हा बघेन."

मी फार आग्रह केला नाही. इथे खरं लिहायला हरकत नाही, मला बरंच वाटलं. इतकी वर्षं ह्यांची आठवण आम्ही दोघींनी वाटून खाल्ली, आणि मोठा वाटा नेहमी त्यांचा. आता थोडे दिवस ते माझ्या एकटीचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज चिरंजीवांचा फोन. रविवार सकाळ म्हणजे फोन, हजेरी लावल्यासारखा. मोठ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. स्क्रीनवर बारीक दिसला. बोलता बोलता गाल आतून चावतो, तिथे खळगा पडतो, ती सवय अजून आहे. मी नुसती बघत बसले, तर म्हणाला, "आई, आवाज येतोय ना?"

पुतळ्याचं सांगितलं. "बरं," म्हणाला. येशील ना, विचारलं. "बघतो. सुट्टीचं बघावं लागेल."

तीन वर्षं तो घरी आलेला नाही. धरणाच्या ऑफिसात त्याला नोकरी मिळाली होती, वडिलांच्याच जागी. मी गावभर सांगत फिरले. दोन महिन्यांत सोडून दिली. मी म्हटलं, तुझ्या बाबांनी असं केलं नसतं. तेव्हा तो जे बोलला ते मला तोंडपाठ आहे. "तू माझ्याकडे कधी बघतेस का गं? माझ्या मागे बाबा उभे आहेत असं समजून तू कायम माझ्या पाठीमागे बघत असतेस. मी मध्ये येतो, एवढंच."

असं कुणी आईला बोलतं? लहानाचा मोठा केला, आणि म्हणे बघितलं नाही. जाऊ दे. ह्या वहीत ह्यांच्याबद्दल लिहायचं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज चेहरा. डोक्याला नुसता ताप. मुलीने ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावलाय. मोठा केल्यावर तर माणूस आहे की भिंतीवरची ओल, तेच कळेना. तरी त्याच्यावरूनच करायला बघते. जबडा रुंद केला होता. मी म्हटलं, कमी कर, निमुळता आहे. तर म्हणते, "पण काकू, फोटोत तर…"

"त्यांची बायको मी आहे का तो फोटो?" जरा चढ्या आवाजातच बोलले मी. पण तिने जबडा कमी केला आणि एकदम माझ्या अंगावर काटा आला. तेच! मग गाल. डाव्या गालाला खळगा हवा, आतून चावायची सवय, म्हटलं. तिने अंगठ्याने नुसतं दाबलं आणि मला तिथेच स्टुलावर बसावं लागलं. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे त्या नजरेने बघत होतं.

जेवताना सासूबाईंना सांगितलं, "आई, गालाचा खळगा अगदी जमलाय."

"कुणाच्या गालाचा?" त्या म्हणाल्या.

आता ह्यांना काय सांगायचं. कान गेले, डोळे अर्धे गेले, आता आठवणही चालली वाटतं. त्यांच्या ताटात भाजी वाढली.

१ मार्च, शनिवार

आज सकाळी शिवताना एकदम आठवलं आणि काम टाकून वखारीत धावले. उजव्या भुवईत रेघ! भुवई मधेच तुटलेली, तिथे केस येत नाहीत. हे सायकलवरून पडले होते. मला सगळं डोळ्यांपुढे आहे. मी कुणाचा तरी पिवळा ब्लाऊज शिवत होते, तोच उचलून कपाळावर दाबला. दवाखान्यात डोकं माझ्या मांडीवर. चार टाके. तोंडातून हूं की चूं नाही, नुसतं माझं बोट असं धरून ठेवलेलं की दुसऱ्या दिवशी मला सुई धरता येईना.

मुलगी म्हणाली, "ओळखपत्रावर खूण म्हणून फक्त मानेवरचा तीळ लिहिलाय, काकू."

"ऑफिसातले कारकून ते! वर मान करून बघितलं तरी असेल का त्यांनी?"

तिने बारीक तारेने रेघ काढली. मान जरा तिरकी करून बघितलं, आणि म्हणाली, "खरंच काकू, आता कुणीतरी एक माणूस वाटतोय. आधी नुसता पुतळा वाटत होता."

आनंदाने तिच्या पाठीवर थाप मारली. पोर धडपडली.

१४ मार्च, शुक्रवार

त्या मुलीच्या गुरूंची एक रीत आहे, ती ही पोर सोडत नाही. साचा घ्यायच्या आधी घरच्या माणसाने समोर उभं राहून शेवटचं बघायचं, आणि पटलं तर पायथ्याच्या ओल्या मातीत अंगठा दाबायचा. कागदावर सही नको, म्हणते. तो अंगठा साच्यात येतो, साच्यातून कांस्यात. नंतर कुणी म्हणायला नको की हा आमचा नव्हे.

"घाई नाही काकू. हवं तर आजींना आणा. साचा घेतला की माती मोडते, मग माझ्या हातात काही राहत नाही."

एकदा वाटलं, आणावं आईंना. मग म्हटलं, त्यांना धड दिसत नाही, उगाच काहीतरी शंका काढतील आणि पोरीचा दीड महिना पाण्यात. खरं कारण ते नव्हतं. मला तो क्षण कुणाला द्यायचा नव्हता.

फडकी काढली. मी बघितलं. काय लिहू? मी म्हणाले, "अहो, किती उशीर केलात." मोठ्याने म्हणाले. मुलगी बाहेर जाऊन उभी राहिली. शर्ट बघून ज्यांना ओळखलं होतं, त्यांना मी आज तोंड बघून ओळखलं. पोटभर रडले. मग अंगठा दाबला, चांगला जोर लावून.

१९ मार्च, बुधवार

साचा झाला. माती मोडून पिंपात टाकली. बघायला जायला नको होतं मी.

८ जून, रविवार

हात दुखतोय, पण आजचं आजच लिहायला हवं.

बाग सुरेख झाली आहे, उगाच खोटं का बोला. पायवाटा, बाकं, नदीकडे उतरायला पायऱ्या. बाहेर आठ बसा मी स्वतः मोजल्या. जे लोक एकमेकांकडे बघत नाहीत ते आज शेजारी उभे राहून बाहेरच्यांना सांगत होते, "आमचा माणूस. ह्याच्यामुळे आम्ही आहोत." अध्यक्ष बोलतील असं वाटलं नव्हतं इतकं थोडक्यात बोलले. पडदा खाली आला. ऊन बरोबर चेहऱ्यावर. टाळ्या थांबेनात.

आणि तो आला होता! न कळवता, पहिल्या बसने. मागे उभा होता. कुणीतरी ओळखलं आणि ओढत पुढे आणला. "अरे, हा बघा मुलगा! बापाचा नुसता छापा!" मग काय विचारता. फोटोसाठी रांग लागली. ह्याला पुतळ्याशेजारी उभा करायचे, बाहेरगावचे लोकसुद्धा. "काय रक्त असतं बघा," एक बाई मला म्हणाली. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता. तो मात्र फोटोत हसत नव्हता. सारखा वर त्या तोंडाकडे बघत होता.

सासूबाईंना मी हात धरून पुढे नेलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, भरून आलं असेल.

दुपारी घरी आल्यावर चहा दिला. कप हातात घेतला, प्यायल्या नाहीत.

"अगं," त्या म्हणाल्या, "अंगाने तोच आहे. उभा तस्साच राहायचा. पण तोंड त्याचं नाही."

"म्हणजे?"

"ते तुझ्या पोराचं तोंड आहे."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिणार नाही. तुमचे डोळे गेलेत, म्हटलं. तुम्हाला माझं काहीच बघवत नाही, म्हटलं. त्या ऐकत राहिल्या. एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत. आज पुरं बोलू दिलं, त्याचीच मला भीती वाटते आहे.

९ जून, सोमवार

सकाळी तो एकटाच बागेत जाऊन आला. मी मशीनवर बसले होते. दारातच उभा राहिला.

"आई, भुवईचे टाके कुणाचे गं?"

"ह्यांचे. सायकलवरून पडले होते तेव्हा…"

तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि माझं बोट धरून स्वतःच्या भुवईवर ठेवलं. उजव्या. तिथे केस नव्हते. बोट बरोबर त्या रेघेत बसलं.

"मी बारा वर्षांचा होतो. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली होती. तू पिवळा ब्लाऊज शिवत होतीस, तो माझ्या कपाळावर दाबलास. गिऱ्हाईक नंतर किती भांडलं तुझ्याशी. आठवत नाही?"

आठवलं. सगळं होतं तसंच आठवलं, फक्त मांडीवरचं डोकं लहान झालं.

"गालसुद्धा माझा आहे," तो म्हणाला. "हनुवटी माझी आहे. मी तासभर बघत बसलो होतो. आई, मला वाटायचं तू माझ्याकडे कधी बघितलंच नाहीस. आणि तू एवढं बघितलं होतंस?"

मग त्याने माझ्या मांडीत डोकं घातलं आणि लहानपणी रडला नव्हता तसा रडला. मीही रडले. त्याला वाटलं आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी रडतोय. मी त्याच्या केसांवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, मग हे कुठे गेले? ह्यांचा गाल कसा होता? हनुवटी कशी होती? डोळे मिटून शोधत होते, आणि दर वेळी ह्याचंच तोंड पुढे येत होतं. माझं लेकरू तीन वर्षांनी कुशीत आलं, आणि मी आई असून दुसऱ्याच माणसासाठी रडत होते. त्याला ते कळलं नाही. कधीही न कळो.

दुपारच्या बसने गेला. दर महिन्याला येईन म्हणाला.

१२ जून, गुरुवार

अध्यक्षांकडे गेले. सगळं सांगितलं, लाजेने मान खाली घालून. निदान भुवई तरी बदला, म्हटलं. निदान ती रेघ बुजवा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "वहिनी, ह्या चार दिवसांत किती लोक येऊन गेले माहीत आहे का? हायवेवरच्या पाटीवर आता तोच चेहरा आहे. शाळेच्या सहली ठरल्यात. मुलं ती भुवईची रेघ दाखवून सांगतात, पुरात चाक फिरवताना लागलेली जखम."

"कुणी सांगितलं असं?"

"कुणीच नाही. गावानेच ठरवलं." माझा पेला परत भरला. "आणि खरं सांगू का, मी त्यांना रोज बघायचो. पण आता आठवायला गेलो तर मलाही पुतळाच आठवतो."

शिल्पकार मुलीला फोन केला. तिलाही सगळं सांगितलं. मग हुंदका ऐकू आला. "काकू, मी फोटोचं ऐकायला हवं होतं." तिची काय चूक? तिने रीत पाळली. अंगठा माझा आहे. तिने तो फोटो भिंतीवरून काढून पाठवून दिला. मी उन्हात धरला, सावलीत धरला, लांबून बघितला, जवळून बघितला. नुसता डाग.

२९ जून, रविवार

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. गिऱ्हाइकं वाढलीत. बाग बघायला आलेल्या बाया दुकानात डोकावतात, तुम्हीच का त्या, विचारतात. हो म्हणते. काय सांगायचं त्यांना.

आज सकाळी त्याचा फोन झाला. हल्ली तो खूप बोलतो, हसतो. मी स्क्रीनकडे बघायचं टाळते. मशीन साफ करतेय म्हणाले आणि फोन उलटा ठेवला. इतक्या वर्षांनी माझा मुलगा माझ्याशी बोलतोय आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. त्याच्याइतकं निर्दोष ह्यात कुणी नाही.

फोन ठेवल्यावर मी सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतं बोलत होतो. म्हटलं, "आई, ते कसे दिसायचे हो?"

असं विचारताना आपलेच कपडे कुणीतरी उतरवतंय असं वाटलं. बारा वर्षं संसार केलेली बाई, आणि सासूला विचारते माझा नवरा कसा दिसायचा.

त्या टोचून बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी सरकून मला बसायला जागा केली. "नाक माझ्यासारखं," म्हणाल्या. "कपाळ रुंद. डोळे…" आणि थांबल्या. "डोळे कसे ते सांगता येत नाही गं. डोळे सांगायचे कसे?"

मग त्या उठल्या. खिडकीपाशी उजेडात खुर्ची ओढली, बसल्या. चष्मा काढून माझ्या हातात दिला. केस मागे सारले. "सगळे म्हणायचे तो माझ्यावर गेलाय," त्या म्हणाल्या. "तुझी नजर चांगली आहे. बघ. काय सापडतंय ते बघ."

मी समोर बसले. गिऱ्हाइकाचं माप घेते तसं बघितलं, वरून खाली, कडेकडेने. कपाळ, नाक, नाकाच्या बाजू, ओठ. सुरकुत्या मनाने उसवून बघितल्या, कातडी ओढून घेतली, केस काळे केले. हनुवटीवर हात ठेवून खालचा भाग झाकला, मग वरचा झाकला. त्या हलल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही पुसलं नाही, मला अडचण होईल म्हणून. कितीतरी वेळ बघितलं. मला एक म्हातारी बाई दिसत होती. दुसरं कुणी नाही.

"सापडला का गं?" त्यांनी विचारलं.

"हो, आई," मी म्हटलं. "सापडले."